तुमच्या टेबलाखालचे पाय

हॉटेल, कॅफे, होमस्टे आणि बुटीक चालवणाऱ्या मालक-मालकिणींना आणि त्यांची सजावट करून देणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात शिलाई मशिनं दुरुस्त करतो. वडीलही हेच करायचे. तुमच्यापैकी बहुतेकांशी माझी ओळख नाही, पण तुमच्या टेबलांशी आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात मुलगी मला घाटावरच्या एका कॅफेत घेऊन गेली. कॉफी यायला वेळ होता. बसल्या बसल्या पाय पुढे सरकले आणि लोखंडी जाळीवर टेकले. खाली वाकून बघायची गरज पडली नाही. टाच, चवडा, टाच, चवडा. चाक फिरायला लागलं. पण चाक फिरल्यावर वरून जो टकटकाट सुरू व्हायला हवा तो झाला नाही, कारण वर मशीनच नव्हतं. वर जाड काच होती आणि काचेवर साखरेच्या पुड्यांची वाटी. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, लोक बघतायत." तेवढ्यात पोऱ्या आला. "काका, ते फिरवू नका, कुणाचा तरी पाय अडकतो." बाकीच्या टेबलांची पायडलं त्यांनी तारेनं बांधूनच टाकली होती, आमचंच तेवढं सुटलेलं.

उठून मी सगळी टेबलं मोजली. अकरा. सात सिंगर, तीन उषा, आणि एकाला सोनेरी ऑइलपेंटचे इतके हात मारलेले की नावाची अक्षरं बुजून गेलेली. मालक भला माणूस होता. त्याला विचारलं, "डोकी कुठायत?"

तो दचकून म्हणाला, "कुणाची?"

आमच्या धंद्यात मशीनच्या वरच्या भागाला डोकं म्हणतात, हेड म्हणतात, कुणी मुंडीही म्हणतं. ते सांगितल्यावर तो हसला. स्टँड त्यानं एका सजावटवाल्याकडून घेतली होती, त्यानं भंगारवाल्याकडून. डोक्यांचं काय झालं हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. परत येताना मी त्या भंगारवाल्याकडे गाडी थांबवली. पाच डोकी सापडली. एकावर एक रचलेली, पावसानं गंजलेली, शेजारी फ्रिजचे कॉम्प्रेसर. बाकीची वितळायला गेली होती.

इथं एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही. डोक्यापासून पाय वेगळे करायचं काम मीही केलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्याचा एक सजावटवाला महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन यायचा. त्याला फक्त स्टँड हवी असत. काम सोपं असतं. डोकं पाठीमागून दोन बिजागऱ्यांवर टेकलेलं असतं, प्रत्येकीला एक स्क्रू. पट्टा काढायचा, डोकं मागे कलतं करायचं, दोन स्क्रू ढिले करायचे आणि उचलायचं. पाच मिनिटंही लागत नाहीत. मी अशी किती काढली ते आता सांगवत नाही. डोकी माळ्यावर ठेवली होती, सुट्या भागांसाठी. वर्षभरानं लक्षात आलं की माळ्यावर मशिनं नाहीत, लोखंड आहे. तेव्हापासून ते काम बंद केलं.

तुम्हाला मी दोष द्यायला बसलेलो नाही. तुम्ही ती स्टँड घेतली नसती तर पायही भट्टीतच गेले असते, हे मला कळतं. गेल्या काही वर्षांत घराघरांतून जुनी पायमशिनं बाहेर पडतायत, कारण घरं लहान झालीत आणि मोटरचं मशीन कोपऱ्यात मावतं. २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत शिंप्यांनाही अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. चांगलंच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसानं आयुष्यभर पायडल मारावं असं म्हणणारा मी कोण? पण नवं दारातून आत आलं की जुनं दारातून बाहेर जातं, आणि दारात आज उभे आहात तुम्ही. संग्रहालयवाले नाहीत, सरकार नाही. लोकांना जुनं मशीन आज दिसतं ते तुमच्याकडेच. म्हणूनच मागणंही तुमच्याकडेच आहे, आणि ते एकच आहे: मशीन अख्खं ठेवा. डोकं, पाय, लाकडी फळी, ड्रॉवर, ड्रॉवरमधला कचरा, सगळं एकत्र.

अख्खं का, ते सांगतो.

स्टँड म्हणजे मशीनचा सगळ्यात अबोल भाग. एका साच्यातून ओतलेले हजारो पाय सारखे असतात. मशीन कोण आहे, कुठून आलंय, हे डोकं सांगतं. सिंगरच्या डोक्यावर, उजव्या बाजूला चाकाजवळच्या सपाट जागेवर एक क्रमांक ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं, पुढे अक्षर असेल तर नंतरचं. ईएफ, ईजी अशा ‘ई’नं सुरू होणाऱ्या जोडअक्षरांची बरीच मशिनं आपल्याकडे आहेत. ती १९३५ नंतर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनली. केवढा कारखाना होता तो! त्याच्या मनोऱ्यावर चारी बाजूंना घड्याळं होती. १९१३ साली तिथून तेरा लाखांच्या आसपास मशिनं बाहेर पडली म्हणतात. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९११ मध्ये, तिथल्या हजारो कामगारांनी संप केला होता आणि त्याची ठिणगी पॉलिश करणाऱ्या बायकांच्या कामावरून पडली होती. १९८० मध्ये कारखाना बंद झाला. मनोरा त्याआधीच पाडला होता. आता तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव तेवढं ‘सिंगर’ राहिलंय, आणि गावच्या संग्रहालयात मशिनं.

तिथून बोटीनं मुंबईला, मुंबईहून रेल्वेनं आणि मग बैलगाडीनं ही मशिनं आपल्या गावांत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ बघत. रोख पैसे मोजून मशीन घेणारे थोडेच होते, बाकीच्यांनी हप्त्यावर घेतलं. आमच्या आजोबांकडे एका शिंप्याचं हप्त्यांचं पुस्तक गहाण राहिल्याची गोष्ट घरात सांगतात. तो शिंपी मशीन विकायला तयार नव्हता, पुस्तक ठेवायला तयार झाला. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सनं उषा काढली आणि मशीन हळूहळू आपल्या घरातलं झालं. लग्नात मुलीला मशीन दिलं की माहेरच्यांना वाटायचं, काहीतरी हाताशी राहील. किती जणींच्या ते खरंच हाताशी राहिलं, हे माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून मी ऐकलंय. नवरा गेल्यावर झबली-टोपडी शिवून मुलं शिकवलेल्या बाया तुमच्याही घराण्यात असतीलच.

गांधीजींना यंत्राचं वावडं, असं आपण धरून चालतो. पण १९२४ साली शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना याविषयी छेडलं तेव्हा सिंगरचं शिलाई मशीन त्यांनी अपवाद म्हणून बाजूला काढलं. जगात शोधल्या गेलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ही एक आहे, असं ते म्हणाले, आणि बायकोला हातानं टाके घालत बसलेली पाहून सिंगरनं तिच्यावरच्या मायेनं हे मशीन बनवलं, अशी गोष्टही त्यांनी सांगितली. गोष्ट गोड आहे. खरा आयझॅक सिंगर नाटकात काम करणारा, एकाच वेळी तीन-चार संसार सांभाळणारा, वीसच्या वर मुलांचा बाप होता, आणि मशीनमध्ये त्यानं लक्ष घातलं ते पैशासाठी. लॉकस्टिचच्या, म्हणजे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवून टाका घालणाऱ्या, मशीनचं पेटंट त्याच्या आधी, १८४६ मध्ये, एलियस हाउनं घेतलं होतं. सिंगरचं पेटंट १८५१ चं. दोघं कोर्टात भांडले आणि सिंगर हरला. पण नाव राहिलं सिंगरचं. मशीन त्याच्याहून सज्जन निघालं, असं आमचे वडील म्हणायचे.

हे सगळं तुमच्या गिऱ्हाइकाला टेबलाखालच्या जाळीवरून कळणार नाही.

आता डोक्यावरच्या नक्षीविषयी. तुमच्यातले काही जण डोकं ठेवतात हे मला माहीत आहे. काउंटरवर, खिडकीत, भिंतीवर. इंग्लंडमधल्या एका कपड्यांच्या दुकानमालिकेनं खिडक्यांत शेकडो जुनी डोकी ओळीनं मांडली आणि ती टूम जगभर पसरली. दिसतं छान. पण ठेवण्याआधी जे ‘चकचकीत करणं’ चालतं, ते बघून पोटात गोळा येतो.

काळ्या रंगावर सोनेरी नक्षी, आणि नक्षीवर लाखेचा पातळ थर, असं ते काम असतं. सुताराच्या फ्रेंच पॉलिशमध्ये असते तीच लाख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे स्पिरिट, थिनर किंवा करोनात घराघरांत आलेलं सॅनिटायझर कापसावर घेऊन मशीन पुसलं, की लाख जाते आणि तिच्यासोबत सोनं. खिडकीची काच पुसायचा निळा फवारा मारला तर नक्षी रुपेरी पडते. एका होमस्टेत दारातच सुंदर मशीन होतं, स्फिंक्सवालं. पंख असलेली सिंहीण, तोंड बाईचं. आमची आई तिला "सिंहाची बाई" म्हणायची. तिथला मुलगा रोज सकाळी सगळ्या टेबलांवर फवारा मारताना तिच्यावरही मारायचा, प्रामाणिकपणे. सहा महिन्यांनी गेलो तर बाई नाही, पिवळट डाग. ओल्या फडक्याचीही गरज नसते. मऊ सुती कापडावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्या, हळू पुसा, कोरड्या कापडानं टिपा. धूळ गेली की थांबा. घासून घासून नवं करायचा मोह आवरा.

आणि पुसट झालेल्या नक्षीवर नवे स्टिकर चिकटवू नका, ही हात जोडून विनंती. मेढ्याकडच्या एका आजींनी मला त्यांचं मशीन दिलं. वीसेक वर्षं त्यांनी त्यावर शाळेचे गणवेश शिवले होते, पांढरे शर्ट आणि निळे स्कर्ट. त्या मशीनच्या पाट्यावर, म्हणजे डोक्याच्या सपाट तळावर, उजव्या कोपऱ्यातला काळा रंग उडून खालचं लोखंड दिसतं, तेही गुळगुळीत. तिथं त्यांचा तळवा टेकायचा. सुईपुढच्या पत्र्यावर बारीक ओरखडे आहेत, टाचण्यांचे. विकणाऱ्यांनी ते मशीन मला "खराब कंडिशन" म्हणून दाखवलं असतं. मला विचाराल तर साताऱ्यात त्याच्या तोडीचं मशीन नाही.

तेलाचंही सांगतो, कारण याबाबतीत चूक हॉटेलवाल्यांचीच नाही, आपल्या सगळ्यांची आहे. मशीन जड चालायला लागलं की घरात हाताशी असेल ते तेल ओततात: खोबरेल, गोडं तेल, कधी राईचं. खाण्याचं तेल वर्षा-दोन वर्षांत सुकून चिकट होतं, मधासारखं, मग राळेसारखं, आणि मशीन जाम. खोबरेल तर थंडीत थिजतंच. जाम मशीन आलं की लोक चाकाला दोन्ही हातांनी पिळतात आणि आतला एखादा दांडा वाकवून ठेवतात. अशा वेळी मी घाई करत नाही. प्रत्येक तेलाच्या भोकात दोन थेंब रॉकेल, उन्हात दोन तास, मग चाक पाव इंच पुढे, पाव इंच मागे. परत रॉकेल. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा. काही मशिनं चार दिवस घेतात, एकानं अकरा दिवस घेतले. सुटलं की रॉकेल पुसून मशीनचं तेल. रॉकेल मिळणंही आता अवघड झालंय, ते वेगळं. पण सुटताना जो आवाज येतो, आधी घशात अडकल्यासारखा आणि मग एकदम मोकळा, तो ऐकायला मी दुकान उघडतो म्हटलं तरी चालेल.

म्हणून लाखेचा किंवा क्लिअर कोटचा फवारा मारून मशीन ‘सील’ करू नका. आतला गंज आतच राहतो, सांधे कायमचे चिकटतात. मांडलेलं मशीन टिकवायचा साधा उपाय म्हणजे ते महिन्यातून एकदा हातानं दहा-वीस फेरे फिरवणं आणि पावसाळ्याआधी तेल घालणं. महाबळेश्वर-पाचगणीच्या धुक्यात तर जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघा. दिवसभर ऊन येतं अशा काचेत ठेवलंत तर लाकडाची वरची पापडी फुगते. चामड्याचा पट्टा कडक होऊन तुटला तर फेकू नका, लांबी मोजायला लागते. आणि डोकं भिंतीला एका खिळ्यावर टांगू नका. ते बिडाचं असतं, दहा-बारा किलोंच्या पुढे. खाली बसलेल्या गिऱ्हाइकाचं काय ते सोडा, बीड पडलं की तडकतं आणि त्याला वेल्डिंगही धड लागत नाही.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या विषयाकडे येतो, म्हणजे ड्रॉवर.

स्टँड विकत घेताना सजावटवाले ड्रॉवर उपडं करतात, हलवतात, झटकतात आणि रिकामं करून घेतात. एकदा मी त्या ढिगातून वेचून आणलेलं घरी मोजलं होतं: हुक-आयांचं पाकीट, अर्धी झिजलेली खडूची वडी, तीन तऱ्हेची बटणं, दाढीचं अर्धं ब्लेड, बिनटोपणाची तेलाची कुपी, सुयांची कागदी पुडी, वहीचा फाटका तुकडा. तुकड्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: उंची १४, छाती ३४, बाही ९, गळा मागून खोल. खाली दोनदा अधोरेखित: सोमवारी नक्की.

आणि एक लोखंडी वस्तू, बोटाएवढी, एका टोकाला निमुळती, होडीसारखी. सजावटवाल्याच्या पोरानं ती मला गंमत म्हणून दिली. ती शटल होती. ती नसेल तर ते मशीन कधीच शिवणार नाही.

कसं ते थोडक्यात. शिलाई मशीनची सगळी करामत दोन दोऱ्यांत आहे. सुईचं भोक टोकाजवळ असतं. सुई कापडाखाली जाऊन किंचित वर येते तेव्हा वरच्या दोऱ्याचा छोटा फास पडतो. त्या फासातून खालचा दोरा आरपार जावा लागतो, तेव्हा टाका बसतो. नंतरच्या मशिनांत हे काम गोल बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती, फिरणारा हूक करतो. पण सिंगरच्या २७ आणि १२७ नंबरच्या जुन्या मशिनांत खालचा दोरा त्या होडीत भरलेला असतो आणि होडी झोपाळ्यासारखी मागे-पुढे जात फासातून निघते. उषा, रीटा अशी आपल्याकडची बरीचशी मशिनं सिंगरच्या १५ नंबरच्या धाटणीची आहेत. त्यांची बॉबिन, बॉबिन केस, सुई आजही कुठल्याही बाजारात मिळते, लुधियानात भाग बनतच असतात. होडीवाल्या मशिनांचं तसं नाही. त्यांची शटल आणि तिच्यातली लांबट बारीक रीळ ड्रॉवरमध्येच असते, आणि ड्रॉवर तुम्ही झटकलेलं असतं. काही फार जुन्या मशिनांच्या सुयाही वेगळ्या मापाच्या असतात. तेव्हा त्या कागदी पुडीतल्या चार सुयांची किंमत तुमच्या काचेच्या टेबलापेक्षा जास्त असू शकते. मी विकायच्या किमतीबद्दल बोलत नाही.

किमतीवरून आठवलं. २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरच्या सुईत ‘लाल पारा’ असतो. झालं, पडीक मशिनांना हजारो रियालचे भाव आले, लोक मोबाइल सुईजवळ नेऊन परीक्षा बघायला लागले. पारा-बिरा काही नव्हता. पण अधूनमधून माझ्याकडेही कुणीतरी आवाज खाली करून विचारतं, "त्यात काही असतं का हो?" मी म्हणतो, असतं. हुक-आया असतात.

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली तेव्हा लोक त्यांना हसले असतील. दिवे, अडकित्ते, वज्री, दारं. राजवाड्यातल्या वस्तूंइतक्याच मायेनं त्यांनी माजघरातल्या वस्तू जपल्या. त्यांच्या संग्रहालयात गेलात तर बघा, अडकित्ता अर्धा नाही. त्याची दोन्ही पाती एकत्र आहेत. कुणी असा विचार केला नाही की मूठ छान आहे, मूठ ठेवू, पात्याचं काय करायचंय.

पॅरिसमध्ये १८३१ साली शिंप्यांच्या जमावानं तिमोनिए या सुरुवातीचं शिलाई मशीन बनवणाऱ्या फ्रेंच शिंप्याच्या कारखान्यात घुसून मशिनं फोडली होती. हातातलं काम जाईल, ही भीती त्यांना होती आणि ती काही खोटी नव्हती. आपली मशिनं मात्र कुणी रागानं फोडली नाहीत. "लुक येतो" म्हणून फोडली.

तुम्ही म्हणाल, डोकं ठेवलं तर टेबल कसं व्हायचं? होतं. पायमशीनचं डोकं खाली लोंबकळत ठेवायची सोय बऱ्याच स्टँडांत मुळातच असते. डोकं बिजागरीवर वळवून आत टाकायचं, वर फळी मिटवायची, सपाट टेबल तयार. आमच्या आया त्यावरच कणीक मळायच्या आणि आम्ही अभ्यास करायचो. दोन-तीन मशिनं अशी मिटलेली ठेवा आणि एक उघडं ठेवा, पट्टा चढवून, दोरा ओवून, शेजारी कापडाचे तुकडे. लहान मुलाला आईच्या देखत चार टाके घालू द्या. बोट सुईखाली जायची भीती वाटत असेल तर सुई काढून ठेवा, नुसतं चाक फिरू द्या. शिक्षकाविना शिकवणारी वस्तू आहे ती. आणि पायडल तारेनं बांधू नका. पट्टा काढून ठेवलात की वरची सुई हलत नाही, आणि ज्याचे पाय आपोआप सुरू होतात त्याला तेवढं सुख मिळतं.

शेजारी एक पाटी लावा. ‘व्हिंटेज सिंगर’ एवढंच लिहू नका, ते तर डोक्यावरही लिहिलंय. कुठल्या गावचं, काय शिवलं, कधीपर्यंत चाललं, एवढं लिहा. मशीन घेताना ज्याच्याकडून घेता त्याला हे विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि माझा अनुभव असा की ती दोन मिनिटं अर्ध्या तासाच्या आत संपत नाहीत. नाव लिहायला घरच्यांची हरकत असेल तर नाव नको. "शाळेचे गणवेश, वीस वर्षं" एवढ्यानंही भागतं. खंडेनवमीला आम्ही मशिनाला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, त्या दिवशी शिवत नाही. तुमच्याकडच्या मशिनालाही त्या दिवशी माळ घाला. तीनशे चौसष्ट दिवस ते शोभेचं आहे, एक दिवस अवजार होऊ दे.

त्या घाटावरच्या कॅफेच्या मालकांना हे पत्र मी वेगळं पाठवतोय. नाव घेतलेलं नाही, त्यांनाच कळेल. भंगारवाल्याकडची ती पाच डोकी मी आणली आहेत. तीन सिंगर, दोन उषा. एक सिंगर होडीवाली आहे आणि तिची होडी अर्थातच नाही, ती शोधतोय. बाकीची चार फिरायला लागली आहेत. मोठ्या मापाच्या सिंगर-उषाच्या डोक्याचा पाटा साधारण साडेचौदा बाय सात इंचाचा असतो, त्यामुळे कुठलंही कुठल्याही स्टँडवर बसेल. मूळ फळ्या गेल्या त्याला इलाज नाही, पण सागाच्या फळीला चौकोन कापून देणारा सुतार माझ्या ओळखीचा आहे. काच नको असेल तेव्हा सांगा, आम्ही दोघं येतो. डोक्यांचे पैसे नकोत, मी पूर्वी जे केलं त्यातलं थोडं वजा झालं असं समजेन. दसऱ्याच्या आधी जमलं तर बरं.

एवढं करून ठेवा: प्रत्येक स्टँडच्या मोठ्या चाकाभोवती सुतळी घालून तिची दोन्ही टोकं वर टेबलाच्या फळीपर्यंत आणा, प्रत्येक टोकाला एक वीत जास्त धरा आणि कापून नंबर लिहून ठेवा. पट्टे त्या मापानं आणतो. आणि पायडलांच्या तारा आधी सोडा.

आपला,
शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक,
सातारा

ता. क. "सोमवारी नक्की" वाला कागद माझ्याकडे आहे. ते ड्रॉवर तुमच्या चार नंबरच्या टेबलाचं असावं, डाव्या बाजूचं. त्याची कडी तुटलेली आहे का, एवढं बघून कळवा.